सासूच्या खडकातला पाचवा बार

लेफ्टनंट ॲम्ब्रोज वेदरेलच्या लष्करी कोटावर, डाव्या खिशाच्या वर, बरोबर पाच बोटं जागा रिकामी होती. रोज सकाळी दाढीचा आरसा तंबूच्या खांबाला टांगला की तो आधी ती मोजायचा आणि मगच गालाला साबण लावायचा. पाच बोटांत पदकं तीन मावतात, जरा दाटीवाटीनं. दोन असतील तर ऐसपैस. वेदरेलकडे एकही नव्हतं.

आणि घरी? घरी जेवणाच्या खोलीत काचेची पेटी! पहिल्या रांगेत वडिलांची, म्हणजे जनरलसाहेबांची अकरा पदकं. दुसऱ्या रांगेत थोरल्या भावाची तीन. तिसऱ्या रांगेत नुसतीच निळी मखमल. निघताना आई म्हणाली होती, "जपून रे बाळा." वडील म्हणाले होते, "रांग रिकामी ठेवू नकोस." आणि भाऊ तर काय, भाऊच तो! "इंजिनीअर पलटणीत चाललायस ना? मग पदक कसलं, फावडं मिळेल. संडासाचे चर खणून कोणाची छाती सजत नसते."

हे वाक्य वेदरेलच्या मनात बाभळीच्या काट्यासारखं मोडून बसलं होतं. कारण नाईलच्या काठाकाठानं सुदानात वर चढताना त्यानं खरंच काय केलं? विहिरी खणल्या, तारेचे खांब रोवले, आणि हो, चरही खणले. लढाई नेहमी दोन मजल पुढे व्हायची आणि हा मागे खांब मोजत असायचा. आता तर फौजच मागे फिरली होती. खार्टूम पडलं होतं. ज्यांना सोडवायला एवढा लवाजमा निघाला ते उरलेच नव्हते, आणि १८८५च्या मार्चातल्या त्या रणरणत्या उन्हात सगळे आल्या वाटेनं परत निघाले होते. मोहीम संपत आली आणि मखमल रिकामीच!

पण त्या दिवशी पहाटेच नशीब आपल्या पायांनी चालत आलं. निदान तेव्हा तरी त्याला तसंच वाटलं.

नदीचं पाणी रोज चार बोटं उतरत होतं. बासष्ट जखमी भरलेल्या तीन बोटी एका खळाळाच्या वरच्या अंगाला अडकून पडल्या होत्या. कारण जाताना जो खडक पाण्याखाली गुपचूप झोपलेला होता तो आता पाठ वर काढून वाटेच्या मधोमध बसला होता. शिपायांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'सासू'. वाटेत बसते, कोणाला जाऊ देत नाही आणि आपल्या जागेवरून तसूभर हलत नाही! तिच्या डाव्या अंगानं जेमतेम एक बोट जाईल एवढी चिंचोळी वाट होती, आणि नेमका तिथंच तिचा खालचा ओठ पुढे आला होता.

मेजर डॅकर, जखमींच्या बोटींचा प्रमुख, काठावर उभा राहून वेदरेलला म्हणाला, "शत्रूचे बंदूकवाले मागून येतायत. दुपारपर्यंत इथं पोचतील. त्याआधी ही बया उडव. बोटी सुखरूप खाली उतरल्या तर पदकाच्या शिफारशीत तुझं नाव सगळ्यात वर. हे बघ, आत्ताच लिहितो." आणि त्यानं खरंच खिशातली वही काढून पेन्सिलीनं नाव लिहिलं.

मग काय! वेदरेलच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं.

त्याच्या हाताखाली कॉर्पोरल जोसाया ट्रेगेन्झा होता. हा कॉर्नवॉलचा. दहाव्या वर्षापासून कथिलाच्या खाणीत सुरुंग भरत वाढलेला, मग फौजेत आलेला. चाळिशीचा गडी, हातांना खडकाचे निळे डाग आणि डावा कान ठार गेलेला. काठावरच्या एका धोंड्यावर तिसरा माणूस बसला होता, तांडेल शलाली. इथल्याच काठचा नूबी नावाडी. या खळाळात त्याच्या आज्यापणज्यापासून बोटी उतरवणारा. पहिली बोट तोच नेणार होता, म्हणून वाट डोळ्यांखालून घालायला आला होता. खजूर खायचा, बिया नदीत थुंकायचा आणि साहेबलोकांची धावपळ बघत बसायचा.

काठापासून सासूपर्यंत चाळीसेक पावलांचं कमरेइतकं पाणी. तिथं दोर बांधला, दोराला धरून जा-ये केली आणि पहाट फुटल्यापासून पहारींनी पाच भोकं पाडली. तीन काठाकडच्या अंगाला, चौथं पलीकडच्या अंगाला आणि पाचवं त्या पुढे आलेल्या खालच्या ओठात.

"पाचवं मी भरणार," वेदरेल म्हणाला. सगळ्यात महत्त्वाचं तेच ना! घरी पत्रात लिहायला बरं पडलं असतं.

ट्रेगेन्झा डोकं खाजवत म्हणाला, "भरा की. पण आमच्या खाणीतला कायदा ठाऊक आहे ना, साहेब? जो भोक भरतो तोच परत जातो."

"परत कशाला?"

"बार नाही उडाला तर बघायला. दुसऱ्यानं ठासलेल्या भोकात तिसऱ्यानं डोकावायचं नसतं. आत काय नि कसं बसवलंय ते ज्याचं त्यालाच माहीत. माझ्या चुलत्यानं एकदा डोकावलं होतं. चांगला माणूस होता."

"होता?"

"होता."

वेदरेल हसला. स्फोटकाच्या वड्या सरकवल्या, बार पेटवणारी तांब्याची टोपी बसवली, वात बाहेर काढली आणि लाकडी दांड्यानं वाळू-माती ठासली. हलक्या हातानं, पोळ्या लाटाव्यात तसं. ट्रेगेन्झानं पाचही वाती थोड्याथोड्या जास्त लांबीच्या कापल्या. म्हणजे बार एकामागून एक सुटे उडणार आणि मोजता येणार. खाणकामगाराचं सगळं आयुष्य या मोजण्यावर असतं. पाच पेटवले आणि पाच ऐकले तर जेवायला जा. पाच पेटवले आणि चार ऐकले तर जेवण विसरा.

पेटवून दोघं दोराला धरून काठावर आले. आले म्हणजे चालत आले! वेदरेलचे पाय पळायला शिवशिवत होते, पण ट्रेगेन्झा मागून म्हणत होता, "चालत, साहेब, चालत. शेवाळावर पळणारा पडतो, पडणारा उठत नाही आणि वात काही थांबत नाही."

मोठ्या धोंड्याआड बसले. दोन शिपाई, ट्रेगेन्झा, शलाली आणि वेदरेल. नदी खळखळत होती.

धडाम! एक.

दगडांचा पाऊस. धडाम! दोन. लगेच तीन. मग जरा थांबून चार, जरा दबका, पलीकडच्या अंगाचा. मग पुन्हा थोडी शांतता, आणि लांबट, घोगरा: धड्डाम.

"पाच!" वेदरेल ओरडला आणि उडी मारून उठला. "पाच! पाचही उडाले!"

"पाच," दोन्ही शिपाई म्हणाले.

"चार," ट्रेगेन्झा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो डोकं तिरकं करून चांगला कान नदीकडे धरून बसला होता.

"अरे, तुला अर्धाच कान! पाचवा तुझ्या बहिऱ्या बाजूनं गेला."

"असेल, साहेब. पण मला चारच आले. थोडं थांबू या? आमच्यात अर्धा तास थांबतात."

वेदरेलनं समोर बघितलं. धूर विरत होता. सासूचं डोकं गेलं होतं, पाठ गेली होती, आणि डाव्या वाटेत पाणी कसं मोकळं, फेसाळत धावत होतं! खालचा ओठ फेसात दिसतच नव्हता. गेलाच असणार. आणि अर्धा तास? अर्ध्या तासात शत्रू आला तर? मेजरची वही, पेन्सिलीनं लिहिलेलं नाव, निळी मखमल, सगळं एकदम डोळ्यांसमोरून गेलं. त्यानं शिपायाच्या हातातलं निशाण हिसकावलं आणि अर्धा मैल वर थांबलेल्या मेजरला स्वतः इशारा केला: पाच. वाट मोकळी. बोट सोडा.

वरून लगेच निशाण हललं: समजलं. तांडेलाला पाठवा.

"चल, शलाली!" वेदरेल मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाला. "तुझी पाळी. बोट घेऊन ये."

शलालीनं एक बी नदीत थुंकली. "मी नाही येत."

"काय?"

"खवाजा," तो म्हणाला; गोऱ्या साहेबाला तो असंच हाक मारायचा. "तुम्ही मोजलेत किती?"

"पाच."

"चार खडकाचे," शलाली शांतपणे म्हणाला, "आणि एक डोंगराचा."

वेदरेल चिडला. हातातोंडाशी आलेला घास, आणि हा म्हातारा कोडी घालतोय! "भित्रा आहेस तू. नाही यायचं तर नको येऊस. तो कॅनडाचा नावाडी, ओनेझिम, आणेल बोट." आणि त्यानं तसं निशाणानं कळवूनही टाकलं.

शलालीला भित्रा म्हटल्याचा राग आलेला दिसला नाही. तो उठला, अंगरखा झटकला. कमरेचं रानबकऱ्याचं शिंग सोडवत म्हणाला, "वाळूचं वादळ आलं की इथं नाकासमोरचं दिसत नाही. मग आम्ही काय करतो? डोंगराला हाक मारतो. तो किती वेळानं ओ देतो त्यावरून खडक किती लांब ते कळतं. पोरगं होतो तेव्हापासून त्याच्याशी बोलतोय मी. त्याचा आवाज मला कळणार नाही?"

"मग पहिल्या तीन बारांना का नाही दिली त्यानं ओ?"

"ते तीन आपल्या बाजूला उडाले. मध्ये सासू आडवी. चौथा पलीकडे उडाला, थेट डोंगराच्या तोंडात. इथून कळायचं नाही. या माझ्याबरोबर."

वीस पावलं वरच्या अंगाला, जिथून सासूच्या कडेनं पलीकडचा काळा डोंगर सरळ समोर दिसत होता तिथं तो उभा राहिला. शिंग ओठाला लावलं आणि एकच दीर्घ फुंकर मारली.

वेदरेल मनात मोजत होता. एक... दोन... तीन...

डोंगरानं ओ दिली. लांबट. घोगरी. अगदी तश्शीच!

कानांत तो पाचवा बार पुन्हा वाजला, आणि या खेपेला त्याला तो नीट ऐकू आला. तो बार नव्हताच. चौथ्याची सावली होती. म्हणजे त्याच्या स्वतःच्या हातानं भरलेलं पाचवं भोक त्या ओठात तसंच होतं. फेसाखाली, टोपीसकट, जिवंत. आणि तिथून जाणाऱ्या प्रत्येक बोटीतला पुढचा माणूस काय करणार? लोखंडी टोकाची काठी नेमकी त्याच ओठावर रोवून बोट बाजूला रेटणार.

"साहेब," ट्रेगेन्झाचा आवाज चिरका झाला होता. "बोट सुटली."

वरच्या वळणावर पहिली बोट प्रवाहात आली होती. ओनेझिम सुकाणूवर, चार वल्हेकरी आणि पुढच्या टोकाला काठीवाला उभा. बोटीत एकवीस जखमी. पांढऱ्या पट्ट्या उन्हात चमकत होत्या. कोणीतरी त्यातही गात होतं!

वेदरेल निशाण घेऊन धावला. काठावरच्या सगळ्यात उंच धोंड्यावर चढला. हात वर करायच्या आधी एक क्षण, फक्त एकच क्षण, तो थांबला. आता निशाण हललं की सगळ्या फौजेला दिसणार होतं की वेदरेलला पाचपर्यंत मोजता येत नाही. जनरलचा मुलगा! शिशुवर्गातलं पोरसुद्धा मोजतं.

मग त्यानं हात वर केला. थांबा. थांबा. चार. थांबा.

बोट थांबत थोडीच असते? ती काय बैलगाडी आहे? ओनेझिमनं निशाण बघितलं, तोंडानं काहीतरी सणसणीत फ्रेंच हासडलं आणि सुकाणू दाबलं. खळाळाच्या तोंडापाशी शेवटची एकच थोडी संथ जागा होती. "दोर! दोर!" ट्रेगेन्झा कमरेपर्यंत पाण्यात घुसला. बोटीतून फेकलेला दोर त्याच्या हातातून निसटला, शलालीनं पायात अडकवून धरला, दोन शिपायांनी त्यावर अंग टाकलं. बोटीचं नाक काठावर असं आदळलं की आतले जखमी कळवळून ओरडले. गाणं बंद पडलं.

पण बोट थांबली. खळाळाच्या सहा हात अलीकडे.

"हे काय चाललंय?" मेजर डॅकर काठाकाठानं धावत आला तेव्हा त्याचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला होता. "पाच की चार? आधी पाच म्हणता, मग चार म्हणता! इशारा द्यायचा की फुगडी खेळायची?"

"चार, सर."

"मोजले कोणी?" मेजरची नजर ट्रेगेन्झाकडे गेली. "यानं? हा अर्धा बहिरा आहे हे मला माहीत नाही का? याच्या दंडावरच्या हुद्द्याच्या पट्ट्या आत्ता काढतो."

ट्रेगेन्झा सावधान उभा होता. अंगावरून पाणी गळत होतं. तो वेदरेलकडे बघत नव्हता, समोर कुठेतरी बघत होता. आणि वेदरेलला कळलं, की आपण गप्प बसलो तर हाही गप्प बसेल. वहीतलं नाव तसंच राहील. किती सोपं होतं! नुसतं तोंड उघडायचं नव्हतं.

"ट्रेगेन्झानं चारच मोजले होते, सर," तो म्हणाला. "तांडेलानंही. मी पाच मोजले. डोंगराचा पडसाद धरून. चूक माझी."

मेजरनं वही काढली, पेन्सिलीनं एक रेघ ओढली आणि वही मिटली. रेघेचा आवाज होत नसतो. पण वेदरेलला तो ऐकू आला.

"न उडालेलं भोक कोणी भरलं होतं?"

"मीच."

"मग?"

"मग मीच जातो, सर."

त्यानं कोट काढून ट्रेगेन्झाच्या हातात दिला. ट्रेगेन्झानं त्याच्या गळ्यात मेणकापडाची पिशवी अडकवली. तिच्यात दोन वड्या, टोपी बसवलेली हातभर वात आणि काड्या. मग कोटाचं बटण पकडावं तसा त्याचा सदरा पकडून तो हळू आवाजात बोलू लागला, आणि पहिल्यांदाच 'साहेब' म्हणायला विसरला. "ऐक. उकरायचं नाही. काही झालं तरी उकरायचं नाही. नवीन वड्या त्याच्या तोंडावर ठेव, वर ओली वाळू थाप, पेटव. नव्यानं जुना जातो. हातभर वात म्हणजे दीड मिनिट. चालत यायचं. समजलं?"

"चालत."

"आणि शीळ घालू नकोस. आमच्यात सुरुंगाजवळ शीळ घालत नाहीत."

"मला शीळ येतच नाही."

"मग बरंय."

दोराला धरून वेदरेल पाण्यात उतरला. पाणी आता अंगाला झोंबत होतं, पायाखाली फुटलेले दगड हलत होते. सासूच्या उरलेल्या अंगावर तो गुडघे टेकून चढला आणि फेसात हात घालून चाचपू लागला. ओठ होता! सबंध, धडधाकट, फेसाआड पाण्याच्या वीतभर वर. त्यात भोक, भोकाच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी वात. बाकीची शेजारच्या बारानं उडालेल्या दगडानं कापून नेली होती, सुरीनं कापावी तशी.

आणि तेवढ्यात पलीकडच्या काळ्या डोंगरावरून 'टक्' असा आवाज झाला. त्याच्यापासून तीन हातांवर पाणी उसळलं.

बंदूकवाले आले होते. दुपारची वाट न बघता.

काठावरून आपल्या शिपायांनी उलट गोळ्या झाडल्या. डोंगर आता सगळ्यांनाच ओ देऊ लागला. कुठली गोळी खरी नि कुठला पडसाद, कळेनासं झालं. वेदरेल खडकाला पालीसारखा चिकटला. वड्या काढल्या. घाईत एक वडी हातातून सुटून पाण्यात गेली. दुसरी त्यानं छातीशी धरली, भोकाच्या तोंडावर बसवली, टोपी खोचली. ओली वाळू थापली. हलक्या हातानं, हलक्या हातानं. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, विझली. तिसरी त्यानं टोपीच्या... म्हणजे डोक्यावरच्या टोपीच्या आडोशात पेटवली, आणि वातीनं फुस्स करून ठिणगी घेतली.

दीड मिनिट.

तो उठला. शेवाळ. दोर. पाण्यात पाऊल. 'टक्!' पाणी उसळलं. आता मात्र त्याच्या अंगातला प्रत्येक स्नायू पळ म्हणाला. पाठीमागे वात, समोर चाळीस पावलं आणि अंगावर गोळ्या! कोण शहाणा माणूस चालेल? त्यानं एक लांब ढांग टाकली, दगड हलला, पाय सटकला, तोंडात पाणी गेलं. दोर होता म्हणून वाचला.

"चालत!" काठावरून ट्रेगेन्झाची आरोळी आली. गोळ्यांच्या वर, नदीच्या वर. "चालत, साहेब! आईच्या घरी चालल्यासारखं!"

तो उभा राहिला. एक पाऊल. दुसरं पाऊल. दगड चाचपून, भार टाकून, मग पुढचं. पावलं मोजता मोजता त्यानं मध्येच मोजणं सोडून दिलं. आज मोजण्यावर त्याचा काडीचा विश्वास उरला नव्हता! काठ आला. ट्रेगेन्झाचा निळ्या डागांचा हात आला आणि त्यानं त्याला मांजराच्या पिल्लासारखं मानेला धरून धोंड्याआड ओढलं.

पट्टी बांधलेली सगळी डोकी एकाच दिशेला.

धडाम!

सासूचा ओठ आभाळात गेला आणि दगडगोट्यांच्या पावसात परत आला. वेदरेल हलला नाही. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यानं बोट वर केलं: थांबा. एक... दोन... तीन...

डोंगरानं ओ दिली. लांबट. घोगरी.

"हा डोंगराचा," वेदरेल म्हणाला.

"शाबास, खवाजा," शलाली म्हणाला. "आता चुकला असतात तर मीच ढकललं असतं पाण्यात." मग तो ओनेझिमच्या बोटीत चढला, त्याला सुकाणूवरून बाजूला सारलं आणि खजुराची उरलेली पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. "सरक. आता मी भित्रा नाही."

मेजरनं मान हलवली. सोडा, म्हणाला. मग वेदरेलजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "एवढ्या माणसांसमोर चूक कबूल केलीस. त्याचं पदक नसतं. अहवालात मला खरं ते लिहावं लागेल: मोजणीत चूक, सव्वा तास उशीर. या मोहिमेचं चांदीचं मिळेल, ते काय सगळ्यांनाच मिळतं. स्वयंपाक्यालाही."

"स्वयंपाक चांगला करतो तो, सर," वेदरेल म्हणाला.

मेजरला हसू आलं की खोकला, ते कळलं नाही. तो वरच्या बोटींकडे निघून गेला.

वेदरेलचा सदरा निथळत होता. "माझा कोट?"

ट्रेगेन्झानं मान खाली घातली. मग दोर जिथं काठावरच्या धारदार दगडावरून जात होता तिथं गेला आणि दोराखाली घडी करून घातलेला कोट सोडवून आणला. "माफ करा, साहेब. तुम्ही पाण्यात होता आणि दोर दगडावर घासून झिजत चालला होता. हाताशी दुसरं काही नव्हतं."

वेदरेलनं कोट उलगडला. उजवी बाजू तशी बरी होती. पण डावीकडे, खिशाच्या वर, दोरानं नि दगडानं मिळून कापडाच्या चिंध्या केल्या होत्या. आतलं अस्तर लोंबत होतं. त्यानं सवयीनं बोटं लावून बघितली. पाचही बोटं भोकातून आरपार गेली.

"आता मोजायला काही राहिलं नाही," तो म्हणाला, आणि का कोण जाणे, त्याला मोठ्यानं हसू आलं. ट्रेगेन्झा आधी दचकला, मग तोही हसायला लागला, आपल्या अर्ध्या कानानं, सगळ्या दातांनी.

तोच फाटका कोट अंगात चढवून तो धोंड्यावर उभा राहिला. डोंगरावरून अधूनमधून अजून 'टक्' होत होतं, काठावरून उत्तर जात होतं. शलालीची बोट खळाळात शिरली. पुढच्या काठीवाल्यानं सवयीनं ओठाच्या जागी काठी रोवली. टेकू मिळालाच नाही, काठी सरळ खोल पाण्यात गेली आणि तो जवळजवळ पडलाच! बोट फेसातून बाणासारखी निघाली आणि खालच्या संथ पाण्यात जाऊन अलगद वळली. शलाली काठानं चालत परत आला, दुसरी नेली. परत आला, तिसरी नेली.

तिसरी खाली पोचली तेव्हा ट्रेगेन्झानं चांगला कान पुढे करून विचारलं, "किती झाल्या, साहेब?"

वेदरेलनं खाली बघितलं. घाई केली नाही. एकेका बोटीवर बोट ठेवत गेला, आणि शेवटची मोजून डोंगराकडेही एकदा बघून घेतलं.

"तीन," तो म्हणाला.

"मलाही तीनच आल्या," ट्रेगेन्झा म्हणाला. "चला, मग जेवायला."